'द थ्रिल इज गॉन' गिटारवर रेकॉर्ड करायचंय? आधी गायक आणि गिटार वेगळे कर

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा की कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावरची एक खोली आहे, स्ट्रॅट टाइपची इलेक्ट्रिक गिटार आहे, दोन इनपुटचा छोटा इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायची पेटी) आणि लॅपटॉप आहे, अमेरिकन ब्लूजवाल्या बी. बी. किंगच्या 'द थ्रिल इज गॉन'चं इन्स्ट्रुमेंटल कव्हर करायचंय, आणि यूट्यूबवरचा बॅकिंग ट्रॅक लावून वाजवून बघितलंस तर नोट्स सगळ्या बरोबर येतायत पण ऐकायला कराओकेवर कुणीतरी सोलो मारतोय असं वाटतंय. मग इंटरफेस बदलू का, अँप घेऊ का, का आधी रूम ट्रीटमेंट (खोलीतला घुमारा कमी करायची व्यवस्था) करू, असं विचारलंयस.

काही घेऊ नको. तुझ्याकडं आहे त्यात हे गाणं व्यवस्थित होतंय. अडलंय ते वेगळीकडंच, आणि इन्स्ट्रुमेंटल करणारी दहातली आठ पोरं तिथंच अडकतात, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

ओरिजिनल परत ऐक, पण ह्या खेपेला गिटार सोडून फक्त एवढंच बघ की कोण कधी गप्प बसतंय. बी. बी. किंग गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. ओळ म्हणतो, थांबतो, मग ल्युसील बोलते (त्याच्या गिटारीचं नाव, तुला माहीत असणारच), ती थांबली की परत हा. कॉर्ड्स आपल्याला जमत नाहीत हे तो स्वतः उघड सांगायचा, त्यामुळं गाताना खाली ऱ्हिदम धरून बसायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडं शाहीर आणि झीलकरी असतात ना, तसलंच हे, फक्त इथं दोन्ही कामं एकच माणूस करतोय, एक गळ्यानं आणि एक हातानं. आता तू इन्स्ट्रुमेंटल करतोस म्हणजे गळा काढून टाकलास, आणि दोघांचं बोलणं एकाच गिटारीवर, एकाच टोनमध्ये, एकाच टेकमध्ये सलग वाजवत सुटलास. ऐकणाऱ्याला कळणार कसं की ओळ कुठली आणि जवाब कुठला? त्याला तो तीन मिनिटांचा एक लांबडा सोलो वाटतो.

म्हणून पहिलं काम हे की सेशनमध्ये गिटारचे दोन ट्रॅक कर, एकाचं नाव 'गायक' आणि दुसऱ्याचं नाव 'गिटार', आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड कर. पहिल्यांदा पूर्ण गाणंभर फक्त गायकाच्या ओळी, मधल्या जागा रिकाम्या सोडून. त्या सोडताना हात शिवशिवणार, पण सोडायच्या. मग दुसऱ्या दिवशी त्यावर जवाब. असं केलं की गायकाची शेवटची नोट अजून लांबत असतानाच जवाब सुरू होऊ शकतो, ओव्हरलॅप येतो, आणि तो ओव्हरलॅपच ऐकणाऱ्याच्या कानाला सांगतो की इथं दोघं आहेत. एका टेकमध्ये हे हातानं होतच नाही, कारण जवाबाला बोट उचललं की गायकाची नोट मेली.

आता गायकाचा ट्रॅक कसा वाजवायचा. आपल्याकडं ही विद्या नवीन नाही. व्हॅन शिपले, सुनील गांगुली ही मंडळी हवाईन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायची, आकाशवाणीवर एखादा कार्यक्रम लवकर संपला की मधल्या वेळात तसल्या रेकॉर्डी लागायच्या, आणि घरातला कोणी पण मुखडा ऐकून शब्द म्हणायला लागायचा. शब्द नसताना शब्द ऐकू यायचे, कारण ते अक्षर न् अक्षर वाजवत होते. सतारीवर विलायत खाँसाहेबांच्या गायकी अंगाबद्दल तर मी काय सांगणार. ब्लूजवाल्यांना हे माहीत नाही असं नाही, पण गिटार हातात घेतलेल्या पोराला आधी पेंटाटॉनिकचा बॉक्स (पाच सुरांची, गिटारच्या मानेवरची ठरलेली चौकट) शिकवतात, आणि मग तो आयुष्यभर बॉक्स वाजवतो, गाणं राहतं बाजूला.

तर गाण्याचे शब्द कागदावर लिहून घे, हातानं. प्रत्येक अक्षराला एकदाच पिक. टायटलची ओळ घेतलीस तर 'द', 'थ्रिल', 'इज', 'गॉन', चार अक्षरं, म्हणजे चार वेळा पिक, पाचव्यांदा नाही. 'गॉन' लांबतं, तिथं काय दागिने घालायचे ते पिक न मारता डाव्या हातानं घाल. व्यंजनानं सुरू होणाऱ्या अक्षराला पिकचा ठोसा थोडा कडक, स्वरानं सुरू होणाऱ्याला, जसं 'इज', अगदी मऊ, पिकऐवजी अंगठ्याचं मांस लावलंस तरी चालेल किंवा खालून स्लाइड करून ये. जिथं किंग श्वास घेतो तिथं कागदावर आडवी रेघ मार आणि तिथं तार बंद कर, खरोखर बंद, वाजत ठेवू नको. आणि वाजवताना तोंडानं गा. मोठ्यानं गायची गरज नाही, पण गायल्याशिवाय श्वास बरोबर जागेवर येत नाही. डायरेक्ट लाइननं रेकॉर्ड करतोयस म्हणजे तुझा आवाज आत जायची भीती पण नाही.

जवाब वाजवताना मात्र उलट, तिथं शब्द विसर. तिथं तुला किंगचा तो प्रसिद्ध बॉक्स लागणार. गाणं बी मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सात सा. दुसऱ्या तारेवर बारावा फ्रेट, तो तुझा सा, त्यावर पहिलं बोट ठेव आणि तिथून हलू नको. त्याच तारेवर चौदावा फ्रेट म्हणजे रे, तो अर्धा सूर ताणला की कोमल गंधार. पहिल्या तारेवर बारावा म्हणजे मध्यम, चौदावा पंचम. संपलं, एवढ्याच जागेत त्या माणसानं आयुष्य काढलं. एक साधा जवाब सांगतो: पहिल्या तारेचा बारावा एकदाच, मग दुसऱ्या तारेचा चौदावा ताणून गंधार, ताण सोडत रे वर, आणि बाराव्यावर येऊन थांब. म ग रे सा. बास. हे चार सूर तीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वजनानं वाजव आणि बघ किती जवाब निघतात ते.

त्या ताणण्याबद्दल जरा थांबतो, कारण कव्हर पडतं ते बहुतेक तिथंच. बेंड म्हणजे नुसतं तार ओढणं नव्हे, ते कुठल्या तरी सुरावर पोचलं पाहिजे. ज्या गावात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते त्या गावात मींड कशाला म्हणतात ते मी सांगायला नको, पण आपली गिटारवाली पोरं देवल क्लबच्या (आपली जुनी गायन संस्था) दारावरनं जातात आणि आत कधी जात नाहीत हे पण खरं आहे. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप टाक, सा म्हणून बी लाव, आणि त्यावर नुसतं रे वरून कोमल गंधारावर जाणं आणि परत येणं एवढंच घोटत बस. आधी पंधराव्या फ्रेटवर न ताणता कोमल गंधार वाजवून ऐक, मग चौदाव्यावरून ताणून तोच आणून दाखव. सुरुवातीला दहातले सात खाली पडतील, आणि वर गेलेले दोन-तीन त्याहून वाईट वाटतील. ब्लूजमध्ये गंधार कोमलपेक्षा किंचित चढा घेतात, कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठंतरी, आणि ते फार सुंदर लागतं, पण ते चढवणं मुद्दाम असलं पाहिजे, बेंड चुकून गेलेला असून चालत नाही. आणि हे गाणं मायनर आहे, बहुतेक ब्लूजसारखं डॉमिनंट सेव्हन्थवर (कोमल निषाद जोडलेली मेजर कॉर्ड) नाही, त्यामुळं इथं गंधार फार चढवलास तर खालच्या कॉर्डशी भांडायला लागतो. इथं जवळपास सरळ कोमलच ठेव.

व्हायब्रॅटो (लागलेला सूर हलवणं) तर बोटाचं काम नव्हेच. किंगचा हात बघ कुठल्या पण व्हिडिओत, अंगठा मानेवरनं सुटलेला असतो, पहिलं बोट तारेवर टेकलेलं, आणि सगळा पंजा त्या बोटाभोवती फडफडतो. तू अंगठा मागं घट्ट धरून बोट खालीवर करतोस ते रॉकचं आहे, तिथं शोभतं, इथं नाही. आणि नोट लागल्या लागल्या हलवायला सुरू करू नको, आधी सरळ उभी राहू दे, मग हलव.

कॉर्ड्सचं एक बघ. बारा बारचा साचा आहे: पहिले चार बार बी मायनर सेव्हन, दोन ई मायनर सेव्हन, परत दोन बी मायनर, मग नवव्याला जी मेजर सेव्हन, दहाव्याला एफ शार्प सेव्हन, आणि शेवटचे दोन बी मायनर. सगळं गाणं ज्या जागी मुरडतं ती जागा म्हणजे नववा-दहावा बार. एफ शार्प सेव्हनमध्ये ए शार्प आहे, म्हणजे शुद्ध निषाद, आणि तुझ्या पेंटाटॉनिकमध्ये आहे साधा ए, कोमल निषाद. तिथं साधा ए वाजवलास तर खुपतो, ब्लूजमध्ये ते खुपणं चालतंय पण, कित्येक वेळा हवंच असतं. तरी गाण्यात एकदा तरी दहाव्या बारला दुसऱ्या तारेच्या अकराव्या फ्रेटवर उभा राहा आणि अकरावा बार लागला की एक फ्रेट सरकून सा वर ये. एवढ्या एका सुरानं ऐकणाऱ्याला कळतं की ह्या पोराला खालची कॉर्ड ऐकू येतीय. फक्त दर फेऱ्याला नको, मग ती ट्रिक वाटते.

रचनेचं सांगतो. ओरिजिनल पाच मिनिटांच्या वर आहे, पण तिथं शब्द पुढं सरकतात. तुझ्याकडं शब्द नाहीत, दुसरा अंतरा पहिल्यासारखाच ऐकू येणार, तिसऱ्याला माणूस उठून जाणार. टेम्पो ९० च्या आसपास आहे, बारा बार म्हणजे ४८ ठोके, म्हणजे एक फेरा ३२ सेकंदांचा. सहा फेरे केलेस तर सव्वातीन मिनिटं होतात, तेवढं भरपूर. पहिला फेरा गिटारचा, ओरिजिनलमध्ये पण गाणं सुरू व्हायच्या आधी गिटारच येते. मग गायकाचा पहिला अंतरा खालच्या सप्तकात, तिसऱ्या-चौथ्या तारेवर, अगदी साधा. दुसरा अंतरा तिथंच पण जवाब जरा मोठे. मग एक सोलो. मग तिसरा अंतरा एक सप्तक वर, आणि शेवटचा फेरा दोघांचं एकमेकांत मिसळणं, इथं जागा सोडायचे नियम मोडले तरी चालतील. अंतऱ्याची चाल ओरिजिनलसारखीच ठेव, तिथं शहाणपणा नको, पण सोलो मात्र किंगचा नोट टू नोट उचलू नको. शिकायला जरूर उचल, पण रेकॉर्डिंगमध्ये नको, कारण तो सोलो लोकांच्या कानात बसलाय आणि तुझा त्याच्याशेजारी ठेवला की तू हरणारच. सोलो तुझा स्वतःचा असला तर तुलना होत नाही.

आता बॅकिंग. यूट्यूबवरचा ट्रॅक सोड. एक तर तो कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि दुसरं म्हणजे तो सगळ्यांसाठी बनवलेला असतो, बारा बार सारख्या वजनाचे, तुझ्या अंतऱ्याला खाली बसत नाही की सोलोला वर येत नाही. १९६९ च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये बेसला जेरी जेमट होता, ड्रम्सला हर्बी लव्हेल, पियानो पॉल हॅरिस आणि ऱ्हिदम गिटार ह्यू मक्रॅकन. सगळं गाणं बेसच्या खांद्यावर उभं आहे, तू एकदा फक्त बेस ऐक. म्हणून एकच माणूस बाहेरनं आणायचा असेल तर बेसवाला आण. कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं आहेत, सीझन नसताना चहा-मिसळीवर पण येतात, फक्त त्याला आधी सांग की हे शफल (झुलता ठेका) नाही, आठवे ठोके सरळ आहेत, नाहीतर ब्लूज म्हटल्यावर तो झुलायला लागणार. ड्रम्स प्रोग्रॅम केलेले चालतील, फुकटातली एमटी पॉवर ड्रम किट पुरते, पण हाय-हॅटचं वजन प्रत्येक ठोक्याला वेगळं कर आणि फिल (ठेक्याच्या मध्ये मारलेला तुकडा) शक्यतो बाराव्या बारलाच. ऱ्हिदम गिटार तू स्वतः वाजव, वरच्या तीन तारांवर कॉर्डचा बारका छाट, दोन आणि चारवर, बाकी वेळ गप्प.

स्ट्रिंग्जचं काय असा प्रश्न तुझ्या मनात येणारच, कारण त्या गाण्याची ओळखच ती आहे. त्या बँडबरोबर वाजवलेल्या नाहीत, प्रोड्यूसर बिल शिमझिकच्या डोक्यात नंतर आलं आणि बर्ट डिकोटोकडनं अरेंज करून वर चढवल्या. १९७० मध्ये ते गाणं बिलबोर्डच्या पॉप यादीत पंधराव्या नंबरपर्यंत गेलं त्यात त्या स्ट्रिंग्जचा हात मोठा होता असं माझं मत आहे. पण कीबोर्डवरच्या स्वस्त व्हायोलिन पॅचनं ते करायला गेलास की लग्नाच्या शूटिंगच्या कॅसेटसारखं वाटतं. ओळखीत खरा व्हायोलिनवाला असेल तर त्याच्याकडनं एकच ओळ चार वेळा वाजवून घेऊन थर लाव, तिसऱ्या अंतऱ्यापासून पुढं. नसेल तर सरळ ऑर्गनचा हलका पॅड दे आणि विषय सोड.

रेकॉर्डिंगचं तांत्रिक झटपट सांगतो. गिटार डायरेक्ट इंटरफेसमध्ये, इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं पाहिजे, लाइनवर राहिलं तर आवाज मेलेला येतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, कारण व्हिडिओ करणार आहेस. सगळ्यात जोरात वाजवलंस की मीटर उणे १२ डीबीच्या आसपास जावा, त्याच्या वर न्यायची गरज नाही, २४ बिटमध्ये हेडरूम भरपूर असते. सिग्नल स्वच्छच रेकॉर्ड कर आणि अँपचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये ऐकत वाजव, न्यूरल अँप मॉडेलर फुकट आहे आणि उत्तम आहे. स्वच्छ ट्रॅक हातात असला की पुढच्या महिन्यात टोन बदलावासा वाटला तरी परत वाजवायला नको.

इथं एक गोष्ट मात्र नीट बघ. ह्या गाण्यात गिटार ठोक्याच्या किंचित मागं बसते, आणि ते मागं बसणं तुझ्या हातातनं आलं पाहिजे, लॅपटॉपच्या उशिरातनं नव्हे. बफर (लॅपटॉप आवाज एका वेळी किती तुकड्यात घेतो ते सेटिंग) ५१२ वर ठेवून वाजवलंस तर तुला ऐकूच उशिरा येणार, मग तू नकळत घाई करणार, आणि रेकॉर्ड झालेलं पुढं पळालेलं दिसणार. बफर १२८ किंवा ६४ वर आण. ४८ हजारला १२८ सॅम्पल म्हणजे पावणेतीन मिलीसेकंदाच्या आत-बाहेर एका बाजूचे, जाऊन-येऊन सगळं धरून साधारण दहाच्या जवळ राहतं, तेवढं कानाला कळत नाही. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच ड्रायव्हर टाक. मिक्स करताना बफर परत वाढव.

हमचा, म्हणजे विजेच्या भुणभुणीचा, त्रास तुला होणार, तुझ्या गिटारचे पिकअप (तारेचा आवाज उचलणारी चुंबकं) सिंगल कॉइलवाले आहेत. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड कर, अर्ध्याच्या वर तिथंच जातो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्तातला एलईडी बल्ब बंद कर. लाइट गेली आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला असेल तर रेकॉर्डिंगचा नाद सोडून चहा घे, कारण ती भुणभुण कशानंच निघत नाही. मग खुर्चीवर बसून गिटारसकट हळूहळू फिर, एका दिशेला हम एकदम पडतो, तिथं चिकटपट्टी लावून खूण कर आणि तिथंच बस. जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते वायरमनकडनं एकदा तपासून घे, गिटारसाठी नव्हे, जिवासाठी. पिकअपचा दुसरा आणि चौथा स्विच हम कमी करतो खरा, पण तिथला तो क्वॅक-क्वॅक आवाज ह्या गाण्याला चालत नाही.

टोन म्हणशील तर किंगची गिटार गिब्सन ईएस-३५५ जातीची, सेमी-हॉलो, तुझी स्ट्रॅट तसली वाजणार नाही आणि वाजवायची पण नाही. गायकाला नेक पिकअप, टोन सहावर, अँप स्वच्छ. गिटारला मधला पिकअप, टोन सातवर, अँपला थोडा जास्त गेन, म्हणजे हळू वाजवलं तर स्वच्छ आणि ठोसा मारला तर कडेनं जरा फाटेल. हा फरक एवढाच ठेव की डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन माणसं कळावीत, पण दोन वेगळी वाद्यं वाटू नयेत. तारा दहाचा सेट लाव, नऊवर बेंड सोपे जातात पण आवाज बारीक येतो. आणि पावसाळ्यात रेकॉर्ड करत असशील तर आदल्या दिवशी इंटोनेशन तपास, आपल्याकडच्या जुलैत मान हलतेच, बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथला हार्मोनिक ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत, कारण तुझे सगळे जवाब बाराव्या फ्रेटवरच आहेत.

रूम ट्रीटमेंटचं विचारलंस, तर डायरेक्ट रेकॉर्डिंगला रूम लागतच नाही, खाली रिक्षा वाजू दे नाहीतर मंडळाची मिटिंग चालू दे. रूम लागते मिक्स ऐकताना. त्यासाठी कोपऱ्यात गाद्या उभ्या कर, मागच्या भिंतीला वाकळ टांग, आणि बाकी हेडफोनवर.

मिक्समध्ये गायक बरोबर मध्ये. गिटार थोडीशी उजवीकडं, वीस टक्के पुरे. दोघांना एकच प्लेट रिव्हर्ब (एक प्रकारचा घुमारा), दीड-दोन सेकंदाचा, पण गिटारला तो जास्त आणि गायकाला कमी, म्हणजे गायक पुढं आणि गिटार दोन पावलं मागं उभी राहते. दोघांचं पण शंभर हर्ट्झखालचं काप, ती जागा बेसची आहे. कॉम्प्रेसर हलका, जास्त दाबलास तर तू मेहनतीनं आणलेलं मऊ-कडक सगळं एका पातळीवर येतं. त्यापेक्षा व्हॉल्यूमची रेघ हातानं ओढ, प्रत्येक ओळीच्या शेवटच्या लांब नोटेला हळूहळू वर घे, कारण गवय्याचा आवाज तिथं भरतो आणि गिटारचा उतरतो. हा एक तास खर्च कर, सगळ्या प्लगइनपेक्षा जास्त फरक पडतो. आणि बेस वाढवायचा मोह आवर, आपले कान डॉल्बीवर वाढलेत, आपल्याला बरा वाटणारा बेस बाहेरच्याला फार होतो. फोनच्या स्पीकरवर पण ऐक, तिथं गायकाची ओळ गुणगुणता आली पाहिजे.

राइट्सचं थोडक्यात. हे गाणं बी. बी. किंगनं लिहिलेलं नाही, रॉय हॉकिन्स आणि रिक डार्नेल यांचं आहे, आणि हॉकिन्सनं १९५१ मध्ये ते रेकॉर्ड पण केलं होतं. क्रेडिटमध्ये ही दोन नावं लिही, निम्म्या कव्हरवर चुकीचं असतंय. रचनेचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तू सगळं स्वतः वाजवलंस म्हणजे रेकॉर्डिंग तुझं, रचना त्यांच्या पब्लिशरची. यूट्यूबवर टाकलंस तर बहुतेक पब्लिशरचा क्लेम येईल, व्हिडिओ राहील आणि जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडं जातील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, स्ट्राइक (व्हिडिओ काढून टाकणारी तक्रार) आणि क्लेम वेगळे. स्पॉटिफायवर टाकायचं असेल तर डिस्ट्रिब्यूटरकडं कव्हर लायसन्सचा पर्याय घे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पण कव्हरसाठी कलम ३१सी आहे, पहिल्या रेकॉर्डिंगनंतर पाच कॅलेंडर वर्षं गेली की नोटीस आणि आगाऊ रॉयल्टी देऊन करता येतं, पण त्यात वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी धरतात, तुझ्यामाझ्यासारख्याचं ते काम नव्हे.

व्हिडिओ. दोन ट्रॅक आहेत म्हणजे व्हिडिओत पण दोन शॉट लाव, गायक वाजवताना एक जागा आणि गिटार वाजवताना दुसरी, शर्ट बदललास तरी चालेल, बघणाऱ्याला लगेच समजतं की कोण कुणाला बोलतंय. रेकॉर्ड करतानाच शूट कर, नंतर नुसतं हात हलवून लिप-सिंकसारखं केलेलं बेंड बघून गिटारवाल्याला लगेच कळतं. सुरुवातीला एक टाळी वाजव म्हणजे आवाज जुळवता येतो. फायनल उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा एकूण आवाज मोजायचं माप) आसपास ठेव, त्याच्या वर ढकललंस तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं.

आधी फक्त गायकाचा ट्रॅक करून मला पाठव, बेस आणि ड्रम्सबरोबर, जवाब न वाजवता. त्यात मधल्या जागा रिकाम्या असून पण गाणं चाललेलं वाटलं तर पुढचं बोलू, आणि नाही वाटलं तर टोन-बिनच्या गोष्टी काढायच्याच नाहीत, कागद घेऊन परत अक्षरं मोजायला बसायचं.